डाव्या बाजूची रिंग

विरेश गेल्याचं परमेश्वरला मोबाइलवरून कळलं. एप्रिलचे दिवस होते. दुपारी जेवून तो दुकानात परत आला, फडक्यानं हात पुसले आणि ग्रुपवर कुणीतरी टाकलेला आदल्या संध्याकाळचा फोटो उघडला. गंगाखेडहून राणीसावरगावला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, नांगरलेल्या रानात, एक पांढरी झेन बाभळीवर आडवी आदळलेली होती. खाली लिहिलं होतं, चालक जागीच ठार, वय चोवीस.

गाडी त्यानं एका नजरेत ओळखली. मागून एवढी खाली बसलेली झेन त्या रस्त्यावर दुसरी नव्हती. तिला खाली बसवणारा तोच होता.

त्या क्षणी आपण पहिल्यांदा काय केलं, हे परमेश्वरनं पुढं नऊ महिने कुणालाच सांगितलं नाही. त्यानं कुणाला फोन लावला नाही की तोंडातून अरेरे काढलं नाही. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पुढचं डावं चाक शोधलं. चाक आणि त्याच्या वरचा पत्रा, यांच्यामधलं अंतर त्याला बघायचं होतं. फोटो मोठा केला की फुटायचा, लहान केला की अंतर दिसायचं नाही. तो बराच वेळ तसंच करत बसला. मग त्यानं फोटो पुसून टाकला, आणि संध्याकाळी परत शोधायला गेला तर तो कुठंच सापडेना.

परभणीत जिंतूर रोडला त्याचं लेथचं दुकान होतं. वीस वर्षं तो मोटारीचे शाफ्ट, बुश, ट्रॅक्टरच्या पिना हेच करत आला होता. हाताला सवय झालेली, डोक्याला काही काम नाही. विरेश त्याच्याकडं आला तो फेब्रुवारीत. राणीसावरगावच्या सिद्धलिंगआप्पांचा हा मुलगा. गंगाखेडला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. एका रिटायर मास्तरांची अठ्ठ्याण्णवची झेन त्यानं घेतली होती.

"मामा, गाडी खाली बसवायची हाय," तो म्हणाला होता. "पण कायमची न्हाई. पाना फिरवला की खाली, फिरवला की वर."

"असलं तयार मिळतंय की."

"ह्या गाडीचं न्हाई मिळत. मी लय धुंडलं. तुमी करून द्या."

परमेश्वरनं त्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवली. शॉकअपच्या नळीवर बाहेरून दुसरी नळी बसवायची, तिच्यावर आटे पाडायचे, आट्यांवर एक जाड रिंग आणि त्या रिंगवर स्प्रिंग. रिंग वर चढवली की गाडी वर, उतरवली की गाडी खाली. तिच्याखाली दुसरी पातळ रिंग, पहिलीला जागेवर आवळून धरणारी. मागच्या बाजूला आखूड स्प्रिंग आणि तिच्या बुडाला लोखंडी चकत्या. चकत्या घाला, काढा. दोघांनी मिळून हे सगळं कागदावर काढलं, पुसलं, परत काढलं. विरेश रोज गंगाखेडहून यायचा आणि लेथशेजारी स्टूलवर बसून आटे पडताना बघायचा. अंतर तो बोटांनी मोजायचा. चाकावर चार बोटं जागा होती, ती त्याला एका बोटावर आणायची होती. परमेश्वरला ते दिवस सुखाचे गेले. कुणीतरी त्याला विचार करायला लागेल असं काम दिलं होतं.

गाडी तयार झाली त्या शनिवारी त्यानं उजवी बाजू बसवली. रिंग खालून दहा आट्यांवर. पातळ रिंग तिच्याखाली आवळली, हूक पान्याच्या टोकावर हातोडीचे दोन ठोके दिले. "हे दोन ठोके इसरायचे न्हाईत," तो विरेशला म्हणाला. "हातानं आवळलं म्हंजी आवळलं असं न्हाई." मग तो डाव्या बाजूला गेला. तिथंही दहा आटे मोजले. तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर पिंगळीचा एक शेतकरी आला, त्याच्या मोटारीचा शाफ्ट तुटला होता आणि पिकाला पाणी द्यायचं होतं.

त्यानंतरचं परमेश्वरला आठवत नव्हतं. त्याच्या पुढचं आठवायचं ते एकदम गाडी दुकानासमोरून निघतानाचं, आणि खिडकीतून बाहेर काढलेला विरेशचा हात. मधलं काहीच नाही. डाव्या बाजूची खालची रिंग त्यानं आवळली होती का? हातोडी उचलली होती का?

नऊ महिने तो त्या चहापाशी जाऊन परत परत उभा राहिला. कपाची मूठ तुटलेली होती, हे आठवायचं. शेतकऱ्याच्या चपलेला चिखल होता, हेही आठवायचं. रिंग आठवायची नाही. जेवताना त्याचा उजवा हात ताटाशेजारी नकळत पाना धरल्यासारखा फिरायचा. बायको सविता एकदा म्हणाली, "हात काहून असा करायलाय तुमचा?" त्यानं हात मांडीखाली घातला. दुकानात लेथ चालू असताना कधीकधी मागच्या स्टूलवर कुणीतरी बसलंय असं त्याला वाटायचं. कुणीतरी नाही, विरेशच. तो वळून बघायचा नाही. वळलं तर तो विचारील, असं त्याला वाटायचं. शेवटी त्यानं स्टूल उचलून पोटमाळ्यावर टाकलं. तरी त्या जागी पाय पडू नये म्हणून तो लांबून वळसा घालून जायचा.

मातीला तो गेला नव्हता. नंतर भेटायलाही गेला नाही. त्याच्याकडं बोट कुणी दाखवलं नव्हतं. पंचनाम्यात लिहिलं होतं, जनावर आडवं आल्यामुळं ताबा सुटला. गावातले म्हणत होते, रोही आडवं आलं. परमेश्वरला हे ऐकून बरं वाटायचं ते तासभर.

जानेवारीत एक मुलगी दुकानात आली. विशीची, खांद्याला कॉलेजची बॅग. ती उंबऱ्यातच थांबली.

"परमेश्वरमामा तुमीच का? मी रुद्राणी. विरेशदादाची बहीण."

परमेश्वरनं लेथ बंद केली.

"दादाची गाडी वर करून पायजे," ती म्हणाली. "पहिल्यासारखी."

"इकायलेत का?"

"न्हाई. आई म्हणायलीय म्हणून."

मग तिनंच सांगायला सुरुवात केली. त्यांचं घर शाळेसमोर होतं, आणि शाळेमुळं दारातच रस्त्यावर उंच ब्रेकर होता. दादानं गाडी खाली करून आणल्यापासून त्या ब्रेकरला गाडीचं पोट घासायचं. रोज साडेसहाला, दिवे लावायच्या वेळी. तो आवाज आला की आई उठायची आणि फाटक उघडायची.

"तो आवाज आईला अजून येतोय, मामा. रोज येतोय. साडेसहाला उठती, फाटक उघडती, हुबी राहती. ब्रेकरकडं बघत. आन् मग म्हणती, गाडी खाली हाय म्हणून त्याला आत येता येईना. आडकलाय तिथंच. गाडी वर करा, म्हंजी येईल."

"आन् आप्पा?"

"आप्पा कायच बोलत न्हाईत."

"तुला येतो का आवाज?"

रुद्राणीनं बॅगचा पट्टा बोटाला गुंडाळला. "मी त्या टायमाला टीव्ही लावते," ती म्हणाली.

रविवारी सकाळी परमेश्वर हत्यारांची पेटी मोटारसायकलला बांधून निघाला. गंगाखेडच्या पुढं ज्वारी दोन्ही अंगानं कमरेच्या वर आली होती. ती बाभळ कुठली, हे त्यानं बघायचं नाही असं ठरवलं होतं. ती आपोआप दिसली. बुंध्याची साल एका जागी निघालेली होती आणि आतलं लाकूड आता काळं पडलेलं होतं.

घरी विरेशच्या आईनं, महानंदाअक्कांनी, त्याला पाणी दिलं. कपाळाला विभूती, पदर घट्ट खोचलेला, पन्नाशीची बाई. त्या त्याच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघत होत्या.

"इरेश तुमच्या हाताचं लय सांगायचा," त्या म्हणाल्या.

परमेश्वरनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

गाडी घरी नव्हती. गावापासून कोसभर अंतरावर त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, गोठ्याच्या पलीकडं, निळ्या ताडपत्रीखाली ठेवलेली होती. सिद्धलिंगआप्पा आणि रुद्राणी त्याला तिथं घेऊन गेले. आप्पा उंच, वाकलेले, हळू बोलणारे. त्यांनी ताडपत्रीची दोरी सोडली. तिथून तीस-चाळीस पावलांवर लिंबाखाली सारवलेला चौथरा होता, त्यावर बेलाची पानं वाळून गेली होती. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं विरेशला त्यांनी आपल्याच रानात समाधी दिली होती. गाडीचं तोंड नेमकं त्या बाजूला होतं. कुणी मुद्दाम तशी लावली नसावी. क्रेननं आणून सोडली ती तशीच राहिली.

उजवं दार चेपून आत गेलेलं होतं. ते सुतळीनं बांधलं होतं. आत ड्रायव्हरची सीट मागं सरकवलेली होती, लांब पायांच्या माणसाला लागते तेवढी. स्टेअरिंगच्या मागं कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. परमेश्वरनं आत डोकं घातलं आणि पटकन बाहेर काढलं. नऊ महिने बंद असलेल्या गाडीला कुबट वास यायला हवा होता. तिला अत्तराच्या बाटलीचा वास येत होता, आरशाला टांगलेल्या त्या छोट्या बाटलीचा. बाटली कोरडी होती.

त्यानं आधी उजवं चाक काढलं. डाव्या बाजूला जायला त्याला धीर होत नव्हता. आतली माती ब्रशनं झाडली आणि रिंगखालचे आटे नखानं मोजले.

एकोणीस.

त्यानं परत मोजले. त्यानं स्वतः दहावर बसवली होती. दहा ते एकोणीस, म्हणजे नंतर कुणीतरी गाडी पुढून वर उचलली होती. पाना विरेशकडं होता, परमेश्वरनंच दिला होता. खालची पातळ रिंग घट्ट होती.

मग तो डावीकडं आला. चाक काढायला त्याला उजव्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. आत हात घालून त्यानं खालच्या रिंगवर फक्त बोट टेकवलं. रिंग फिरली. एका बोटानं, पाना न लावता.

परमेश्वर तिथंच जमिनीवर बसला. त्याला वाटलं, आपल्या मागं स्टूलवर कुणीतरी बसलंय आणि ते आता उठून जवळ आलंय, वाकून आत बघतंय.

"काय झालं, मिस्त्री?" आप्पांनी विचारलं.

"काय न्हाई, आप्पा. वाईच पाणी द्या."

त्याच वेळी महानंदाअक्का भाकरीचं गाठोडं घेऊन आल्या. गाठोडं त्यांनी बाजेवर ठेवलं. गाडीकडं बघितलं, काढलेल्या डाव्या चाकाकडं बघितलं, आणि मग पहिल्यांदाच परमेश्वरच्या तोंडाकडं.

"डाव्या अंगाचं सैल हाय ना?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी वळून बायकोकडं बघितलं.

"मला ठावं हाय. माझ्याचमुळं राह्यलंय ते." अक्का बाजेच्या कडेला टेकल्या. "त्या दिशी परभणीला जायचं होतं, माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरकडं. मी त्याला आदल्या रात्री म्हणलं, तुझ्या गाडीत बसायचं म्हंजी खड्ड्यात उतरायचं, मला न्हाई जमत. तर सकाळच्या पारी उठून त्यानं जॅक लावला. म्हणला, आई, तुझ्यासाठी वर करतो. उजवीकडचं झालं. डावीकडचं व्हायलं होतं. मी पिशवी घेऊन हुबी. अकराचा नंबर होता. मी म्हणलं, आटप लवकर, लोक म्होरं जातील. तो म्हणला, आई, दोन ठोके राह्यलेत. मी म्हणलं, येऊन मार की. आन् तो उठला. माझं ऐकून उठला."

लिंबावर एक होला घुमत होता. आप्पा गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते.

"आमी परभणीला जाऊन आलो. नीट आलो. दुपारी मला घरी सोडून तो दुकानावर गेला. ठोके मारायचे तसेच राह्यले. संध्याकाळी..." त्यांनी गाठोड्याची गाठ चाचपली. "आता तो रोज ब्रेकरपशी येऊन थांबतो. मला दाखवायला येतो, आई, बघ, दोन ठोके राह्यले."

"मला कधी बोलली न्हाईस," आप्पा म्हणाले.

"तुमी इचारलं न्हाई."

परमेश्वरनं आप्पांनी दिलेलं पाणी प्यायलं. त्याला कळलं की आता आपण गप्प राहिलो तर सुटलो. बाईनं सगळं स्वतःवर घेतलंय. तो सुटला असता आणि त्याला तसं सुटता येईना.

"अक्का," तो म्हणाला, "मी ही गाडी बसवली त्या दिशी डाव्या रिंगला ठोके दिले का न्हाई, मला आठवत न्हाई. चहा आला, गिऱ्हाईक आलं, आन् म्होरचं कायच आठवत न्हाई. नऊ महिने मी तेच आठवायलोय. म्हणून मातीला आलो न्हाई. तुमच्या तोंडाकडं बघायची हिंमत न्हवती."

अक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना जणू पहिल्यांदाच दिसत होतं की आपल्या शेजारी आणखी कुणीतरी उभं आहे.

तेव्हा परमेश्वरच्या डोक्यात लेथवाल्यासारखा विचार आला. इतका वेळ तो घाबरलेल्या माणसासारखा विचार करत होता. तो परत गाडीखाली सरकला.

"रुद्राणी, मोबाइलची बत्ती लाव. हितं धर. अक्का, तुमी या हिकडं. बसवंल का खाली?"

"गुडघा..."

"मी धरतो," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी बायकोला धरून पोत्यावर बसवलं.

"ही वरली जाड रिंग. हिच्यावर गाडीचं वजन. ही खालची पातळ, ती हिला धरून ठेवायला. खालची सैल हाय, हे खरं हाय. पण बघायचं काय, तर वरली हालली का. हालली आसंल तर आटे कमी भरतील. उजवीकडं एकोणीस हायेत. हितं तुमी मोजा."

अक्कांनी हात पुढं केला. नख आट्यात नीट बसलं. त्या मोठ्यानं मोजायला लागल्या. बारापाशी चुकल्या, परत पहिल्यापासून मोजलं. रुद्राणी बत्ती धरून त्यांच्याबरोबर ओठ हलवत होती.

"एकोणीस," अक्का म्हणाल्या.

"आता उजवीकडं."

उजवीकडंही त्यांनी मोजलं. आप्पांनी पण मोजलं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"दोन्हीकडं सारखंच हाय," परमेश्वर म्हणाला. "वरली रिंग एक आटाबी उतरली न्हाई. वजनानं ती जागीच दाबून बसती. खालची सैल राह्यली म्हणून गाडी एका अंगाला बसली न्हाई, एका अंगाला वढली न्हाई. परभणी जाऊन आली, गंगाखेडला गेली, आन् आटे एकोणीसचे एकोणीस. ह्या रिंगमुळं गाडीनं रस्ता सोडला न्हाई, अक्का."

"मग कशामुळं?"

"ते मला ठावं न्हाई. रोही आडवं आलं आसंल. मी खोटं सांगणार न्हाई. पण ह्यामुळं न्हाई."

अक्का पोत्यावर तशाच बसून होत्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या, बराच वेळ, आवाज न करता. रुद्राणीनं बत्ती बंद केली. परमेश्वर पेटीतली हत्यारं उगीच इकडची तिकडं करत राहिला. त्याच्या पाठीमागं आता कुणी नव्हतं. का कोण जाणे, त्याला त्याचंच वाईट वाटलं.

जेवणं झाल्यावर त्यानं काम केलं. मागच्या स्प्रिंगखाली चार चकत्या घातल्या. पुढच्या रिंगा एकोणिसावरून थेट वर चढवल्या, चाकावर पुन्हा चार बोटं जागा होईपर्यंत. खालच्या रिंगा आवळल्या. डाव्या बाजूला पाना लावून त्यानं हातोडी अक्कांपुढं केली.

"तुमीच मारा," त्या म्हणाल्या. "माझा हात न्हाई उठायचा."

त्यानं दोन ठोके मारले. आवाज गोठ्याच्या पत्र्यावर आपटून परत आला. वर उचललेली झेन आता कुठल्याही जुन्या गाडीसारखी दिसत होती, एखाद्या मास्तरांची असावी तशी. रुद्राणी म्हणाली, "दादाला आवडली नसती." आणि ती थोडी हसली.

परत घरी आले तेव्हा सहा वाजून गेले होते. अक्कांनी चहा ठेवला. परमेश्वर ओसरीवर बसला. त्याला निघायचं होतं, पण कुणी जा म्हणेना आणि त्याचाही पाय निघेना. रुद्राणी आत जाऊन रिमोट शोधायला लागली.

"आज नको लावू," अक्का आतून म्हणाल्या.

शाळेचं मैदान रिकामं होतं. समोरच्या घरात कुणीतरी फोडणी टाकली. रस्त्यावर एकही वाहन नव्हतं, हे परमेश्वर नंतर शपथेवर सांगायचा. तो रस्त्याकडंच बघत होता. ब्रेकरवर एक शेळी उभी होती.

आणि आवाज आला. आधी जड काहीतरी हळू होतंय असा, मग पातळ पत्रा डांबरावर घासत जावा तसा, खर्रर्र, अर्धाच, आणि थांबला. असला आवाज परमेश्वरनं जन्मभर ऐकला होता. इंजिनखालचा पत्रा कुठं टेकतो आणि कसा वाजतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेळीनं मान वळवून बाजूला बघितलं आणि ती ब्रेकरवरून उतरली.

त्यानं आप्पांकडं बघितलं. आप्पा चहाचा कप खाली ठेवून उठले, फाटकापर्यंत गेले, रस्ता दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत येऊन बसले.

"तुमालाबी येतोय," परमेश्वर म्हणाला.

"पहिल्या दिशीपासून," आप्पा म्हणाले. "मी रोज बघून येतो. काय नसतंय."

रुद्राणी दारात उभी होती. तिनं चौकट धरली होती. अक्का बाहेर आल्या. सगळ्यांना वाटलं, त्या आता कोसळतील. गाडी वर करूनही आवाज आला होता. त्या पायरीवर थांबल्या आणि ब्रेकरकडं बघत राहिल्या.

"म्हंजी गाडी खाली होती म्हणून न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "आडकला न्हाई तो. कायबी दाखवायला येत न्हाई."

"मग?" रुद्राणीनं विचारलं.

"त्याची घरी यायची येळ हाय ही. दुसरं काय."

त्या गेल्या आणि त्यांनी फाटक उघडलं. नऊ महिने तिथं उभ्या राहायच्या तशा त्या उभ्या राहिल्या नाहीत. फाटक उघडं ठेवून त्या आत आल्या आणि देवाजवळ दिवा लावायला बसल्या.

परमेश्वर अंधार पडायच्या आत निघाला. ब्रेकरवरून जाताना त्यानं मोटारसायकल अगदी हळू केली, शेजारून कुणी जाणार असेल तर त्याला जागा द्यावी तशी. घरी जाऊन त्यानं सविताला सगळं सांगितलं, पहिल्या फोटोपासून. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "शेळीनं बगितलं?" तो म्हणाला, "बगितलं."

झेनचं दार नंतर बदललं. नांदेडच्या भंगारवाल्याकडून निळं दार मिळालं, ते तसंच निळं ठेवलं. रुद्राणी आप्पांच्या आखाड्यावर गाडी शिकली, मग रस्त्यावर आणायला लागली. काही अडलं की ती परमेश्वरला फोन करायची. आवाजाचं तो विचारायचा नाही, ती सांगायची नाही. एकदाच म्हणाली, "आता मी टीव्ही लावत न्हाई."

जुलैत एके दिवशी तिच्या नंबरवरून अक्का बोलल्या.

"भाऊ, तुमाला तिकडं कवा आवाज येतो का?"

"न्हाई, अक्का. तेवढाच एकदा आला."

"हिकडंबी बंद झालाय. कवा झाला तेबी कळलं न्हाई. पेरणीच्या गडबडीत होतो. परवा साडेसहाला भाजी निवडत बसले होते, मधीच ध्यानात आलं, की लय दिस झाले. यांना इचारलं, रुद्राणीला इचारलं. कुणालाच सांगता येईना. शेवटच्या दिशी मी फाटक उघडलं का न्हाई, तेच आठवंना बगा."

परमेश्वर दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. बाहेर रिक्षांची गर्दी होती, एकाला हॉर्नशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. तो थोडा आत सरकला.

"उघडलं आसंल, अक्का. रोज उघडायच्या तुमी."

"व्हय. रोज उघडायचे." मग त्या म्हणाल्या, "रुद्राणी शनिवारी पोखर्णीला घेऊन जाणार हाय मला, नरसिंहाला. गाडीत चढायला आता कायच तरास न्हाई. हे घ्या, तिला बोलायचंय."

रुद्राणीनं सांगितलं की क्लच जड लागतोय, दुसरा गिअर टाकताना पाय दुखतो. परमेश्वरनं विचारलं, वास येतो का, चढावर गाडी नुसतीच गुरगुरती का. ती म्हणाली, वास न्हाई, नुसता जड. "मग केबल असंल," तो म्हणाला. "गुरुवारी सकाळी घेऊन ये. तासाभराचं काम हाय."